बोट, बजेट आणि चारशे चोपन्न

आमच्या बोटीचं इंजिन पाण्याने गेलं, तेही बोट पाण्यात नसताना. डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये आमची चोवीस फुटी जुनी बोट असते. तिचं इंजिन तळ्याचंच पाणी ओढून थंड होतं. त्यामुळे हिवाळ्याआधी बोट बाहेर काढली की ब्लॉकचे प्लग उघडून आतलं पाणी सोडून द्यावं लागतं. त्या वर्षी 'पुढच्या शनिवारी करू' असं म्हणता म्हणता बर्फ पडला. एप्रिलमध्ये नवऱ्याने डिपस्टिक ओढली, तर तेल ताकासारखं पांढरट. पाणी गोठून फुगलं होतं आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला वीतभर चीर गेली होती.

दोन दिवस घरात सुतक होतं. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "तयार इंजिन नको. आपणच बांधू. आणि बांधतोच आहोत तर जरा जास्त ताकदीचं बांधू."

घराचा हिशोब माझ्याकडे असल्यामुळे 'आपण'मध्ये मीही होते. मी एकच अट घातली: जो भाग का घ्यायचा हे मला समजेल असं सांगता येणार नाही, तो घ्यायचा नाही. वर्गात इतकी वर्षं मुलांना 'का?' विचारायला शिकवलं होतं, ते आता घरात कामी आलं.

आमचं इंजिन शेवरलेचं ४५४, १९७० साली बाजारात आलेलं. ४५४ म्हणजे घनइंच. सिलिंडरचा व्यास ४.२५ इंच, पिस्टनची चाल ४ इंच आणि सिलिंडर आठ. मी वहीत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून गुणाकार केला आणि उत्तर ४५३.९६ आलं, तेव्हा या लोखंडाशी माझी पहिली ओळख झाली. आम्हाला मिळालेला दुसरा ब्लॉक ट्रकमधला होता. सिलिंडर झिजले होते, म्हणून ते इंचाच्या तीस सहस्रांशाने मोठे करून घेतले. मी पुन्हा वही उघडली: ४६०. ब्लॉक कुठल्या सालचा आहे हेही आधी पाहावं लागतं. १९९१ पासून क्रँकशाफ्टच्या मागचं दोन तुकड्यांचं सील एकसंध झालं. जुन्या-नव्याची सरमिसळ केली की एक भाग दुसऱ्याला बसत नाही.

मग माझा प्रश्न: ट्रकचं इंजिन चालतं, तर ट्रकचेच सुटे भाग का नकोत? बोटीचे म्हटलं की किंमत दुप्पट-तिप्पट. नवरासुद्धा डळमळला होता. उत्तर दिलं शेजारच्या आजोबांनी. त्यांचं सगळं आयुष्य इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं आहे. ते म्हणाले, "मोटार हायवेवर तीसेक हॉर्सपॉवरमध्ये भागवते, उतारावर विश्रांतीही घेते. बोटीला उतार नाही. ती सतत घाट चढत असते."

हे एक वाक्य समजलं आणि अर्धी यादी आपोआप ठरली. सतत भार म्हणजे सतत उष्णता, म्हणून पिस्टन ओतीव न घेता फोर्ज केलेले घेतले. पिस्टन तापून फुगतात, पण तळ्याच्या गार पाण्यामुळे सिलिंडरची भिंत तितकी फुगत नाही. म्हणून त्यांच्यामधली फट मोटारीपेक्षा थोडी जास्त ठेवायची. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह इन्कोनेल या मिश्रधातूचे घेतले, कारण ते लालभडक तापूनही टिकतात. ब्लॉकचे प्लग पितळेचे, हेड गॅस्केट गंज न धरणारी, तेलाची टाकी मोठी आणि तेल थंड करणारा कूलर. कॉम्प्रेशन मात्र नऊला एकच्या आत, कारण धक्क्यावरच्या पंपावर बहुधा ८७ ऑक्टेनचंच पेट्रोल मिळतं.

खरं भांडण झालं कॅमशाफ्टवरून. व्हॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडे राहणार हे कॅम ठरवतो. नवऱ्याला शर्यतीच्या मोटारीसारखा, उभ्या जागी गडगडणारा कॅम हवा होता. त्या कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदमच उघडे असतात. मोटारीत त्याने फक्त आवाज होतो. बोटीत धूर थंड करायला एक्झॉस्टच्या नळीत पाणी सोडलेलं असतं. इंजिन हळू फिरत असताना उलटा श्वास घेतला गेला, तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये येतं. आधी व्हॉल्व्ह गंजतात, आणि पाणी जास्त झालं तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. मी एवढंच म्हटलं, "एक इंजिन पाण्यानेच गेलंय ना रे?" दोन दिवस अबोला होता. शेवटी दोन पाकळ्यांमध्ये ११४ अंशांचं अंतर असलेला शांत कॅम आला. पंचवीस-तीस हॉर्सपॉवर कमी झाल्या असतील, पण मी त्या मोजायला बसले नाही.

स्टार्टरची गोष्ट मात्र मी कधीच विसरणार नाही. पैसे वाचवायचे म्हणून मीच मोटारीचा स्टार्टर शोधून ठेवला होता, अगदी तसाच दिसणारा, एक तृतीयांश किमतीत. आजोबांनी तो हातात घेतला आणि परत खोक्यात ठेवला. म्हणाले, "ह्यात ठिणगी उडते." मोटारीच्या इंजिनाखाली मोकळी हवा असते. बोटीचं इंजिन बंद पेटीत असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते. बोटीचा स्टार्टर, आल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवत नाही. त्यावर एसएई जे ११७१ असा मानकाचा क्रमांक असतो. कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्या वळवलेल्या असतात, म्हणजे उतू गेलेलं पेट्रोल तळाशी न सांडता इंजिनातच जातं. वर ज्वाळा अडवणारी जाळी असते. त्या पेटीच्या झाकणावर माझी दोन्ही मुलं बसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टार्टर परत केला, आणि यादीत अशा भागांपुढे लाल खूण केली: इथे घासाघीस नाही.

त्याची भरपाई इतरत्र झाली. चकचकीत झाकणं रद्द झाली, जुना क्रँकशाफ्ट तपासून पुन्हा वापरला. प्रोपेलर नवा घ्यायची घाई केली नाही. त्याची पिच एक इंचाने कमी-जास्त केली की इंजिनाचे मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे बदलतात, म्हणून आधी बोट पळवून पाहिली आणि मग ठरवलं. तोवर आजोबांनी त्यांच्याकडचा एक वापरायला दिला होता.

जुलैच्या शेवटी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, अंगणात, बागेच्या नळाचं पाणी जोडून. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. धुरामुळे, असं तो म्हणतो.

आता सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून पेटीतली हवा बाहेर काढायची, हा नियम. मुलांना चार मिनिटं म्हणजे युग. म्हणून मी त्यांना पाढे म्हणायला लावते. बारापासून सुरुवात करतात. सतरा ओलांडले की मगच नवरा किल्ली फिरवतो. आणि ऑक्टोबरच्या पानावर कॅलेंडरमध्ये, लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या शनिवारी, मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: प्लग उघडणे.