'उत्तेजनार्थ' म्हणजे नेमकं काय?

शाळेत असताना तुम्हाला कधी 'उत्तेजनार्थ' बक्षीस मिळालंय? मला दोनदा मिळालं, दोन्ही वेळा चित्रकलेत. पहिले तीन नंबर हुकले की समजूत घालायला देतात ते, असाच त्याचा अर्थ मी कितीतरी वर्षं धरला होता.

शब्दाचं मूळ मात्र धारदार आहे. संस्कृत धातू 'तिज्', म्हणजे तीक्ष्ण करणं, धार लावणं. 'तेज' त्याच घरातला. आज 'उत्तेजक' म्हटलं की आपल्याला खेळाडूंची डोप टेस्ट आठवते, पण दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात संस्थांच्या नावातच हा शब्द असायचा. वक्तृत्वासाठी वक्तृत्वोत्तेजक सभा, जी आजही वसंत व्याख्यानमाला भरवते. आणि धंद्यासाठी देशी व्यापारोत्तेजक मंडळ!

या मंडळामागे होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका'. पेशाने वकील. १८७० मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८७२ पासून त्यांनी स्वदेशी कापडच वापरायचं ठरवलं. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या इथेच बनाव्यात आणि इथेच खपाव्यात, ही त्यांची धडपड. समोर होता गिरण्यांचा स्वस्त विलायती माल. नुसतं 'वा, छान' म्हणून तिथे भागणार नव्हतं, कोणीतरी पैसे मोजून तो देशी माल घ्यायला हवा होता. १८७७ च्या जानेवारीत आमच्या या दिल्लीत व्हिक्टोरिया राणीसाठी थाटाचा दरबार भरला. जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत काका सभेच्या वतीने आले ते जाड्याभरड्या खादीत.

आता लक्ष्मीबाई नगरातली गोष्ट. दिल्ली हाट इथून पायी जाण्याइतकं जवळ. तिथे आम्ही हौसेने हातमागाचे दुपट्टे घेतो, तेही घासाघीस करून. शेजारच्या काकू घरूनच दिवाळीचा फराळ विकतात. गेल्या वर्षी त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला, तेव्हा हार्ट आणि टाळ्यांचा पाऊस पडला. ऑर्डरी आल्या तीन. हार्ट टाकणाऱ्यांत मीही होते, आणि चकल्या मात्र आम्ही मार्केटमधून आणल्या होत्या. पाकिटातल्या.

यंदा त्यांनी भाजणीचं प्रमाण आधीच निम्मं केलं होतं. मी दोन किलो चकली सांगितली, तर त्या म्हणाल्या, "अगं, घरच्यांसारखी तू, थोडे कमी करते पैसे."

"नको काकू," मी म्हटलं, "रेट आहे तोच लावा."


मग त्या पुन्हा भाजणी भाजायला बसल्या.