सरंजाम (शब्द)

सरंजाम हा फारसीतून मराठीत आलेला पुल्लिंगी शब्द आहे. एखाद्या कार्यास लागणारे साहित्य, सरदाराने बाळगावयाचे सैन्य व त्याचा लवाजमा, आणि त्या खर्चासाठी नेमून दिलेला मुलूख असे त्याचे तीन प्रमुख अर्थ आहेत. ‘सरंजामशाही’ या आधुनिक शब्दामुळे आज तिसराच अर्थ चटकन मनात येतो. जुन्या पत्रांचे वाचन करताना मात्र त्यामुळे घोटाळा होतो.

व्युत्पत्ती

‘सर’ म्हणजे डोके किंवा टोक आणि ‘अंजाम’ म्हणजे शेवट. फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ कार्याची पूर्तता किंवा परिणाम असा आहे. उर्दूत ‘सरंजाम देना’ म्हणजे काम तडीस नेणे. मराठीत पूर्ततेवरून पूर्ततेच्या साधनांकडे अर्थ सरकला. पूजेचा सरंजाम, स्वयंपाकाचा सरंजाम, लग्नाचा साजसरंजाम हे प्रयोग त्यातूनच आले.

लष्करी व राजकीय अर्थ

तोफखान्याचा सरंजाम म्हटले की नुसत्या तोफा अभिप्रेत नसतात. तोफांचे गाडे, ते ओढणारे बैल, दारूगोळा आणि गोलंदाज हे सारे त्यात येते. सरदाराच्या बाबतीत घोडी, स्वार, तंबू व ओझ्याची जनावरे यांचाही त्यात समावेश होई.

हे सारे पोसायला पैसा लागे. शिवाजी महाराजांचा कल लष्कराला रोख वेतन देण्याकडे होता. राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंज चालू असताना, खजिन्यात तेवढे बळ उरले नाही आणि सरदारांना मुलूख तोडून देण्याची पद्धत वाढली. फौजेच्या सरंजामासाठी दिलेल्या या मुलखालाच पुढे ‘सरंजाम’ व तो धारण करणाऱ्यास ‘सरंजामदार’ म्हणू लागले. साहित्याचे नाव अशा रीतीने जमिनीला चिकटले. शाहू महाराज व पेशवे यांच्या काळात ही पद्धत स्थिरावली. शिंदे, होळकर, पवार ही घराणी याच व्यवस्थेत वाढली.

सरंजाम व इनाम एक नव्हेत. इनाम बहुधा वंशपरंपरेने चाले. सरंजाम चाकरीच्या अटीवर असे आणि तो काढून घेण्याचा अधिकार सरकारकडे राही. व्यवहारात बलाढ्य घराण्यांचे सरंजामही पिढ्यान्‌पिढ्या चालले, ही गोष्ट वेगळी. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी अनेक सरंजाम चालू ठेवले, पण ज्या फौजेसाठी ते दिले होते तिची गरजच उरली नव्हती. मुंबई राज्याने १९५२ च्या नियमांन्वये ते खालसा केले.

आधुनिक वापर

युरोपातील मध्ययुगीन समाजव्यवस्थेसाठी मराठीत ‘सरंजामशाही’ हा प्रतिशब्द रूढ आहे. तो सोयीचा असला तरी मराठ्यांचा सरंजाम आणि युरोपातील व्यवस्था यांत मोठा फरक आहे. ‘सरंजामी वृत्ती’ या प्रयोगात तर निंदेचीच छटा उरली आहे. दिमाखाच्या परिवारासाठी आता ‘लवाजमा’ आणि वाहनांसाठी ‘ताफा’ हे शब्द अधिक वापरले जातात.