शोधसूचीची पुनर्रचना

शोधसूचीची पुनर्रचना : अनेक संगणकांवर विभागून साठविलेल्या माहितीची शोधसूची मूळ नोंदींवरून नव्याने तयार करण्याची क्रिया. शोधसूची ही मूळ माहिती नव्हे, तिच्यापासून सिद्ध केलेली दुय्यम मांडणी होय. शहापूर, मुरबाड (जि. ठाणे) येथील शेतकऱ्याला हा भेद गाव नमुन्यांवरून परिचित आहे. नमुना ७ भूमापन वा गट क्रमांकानुसार, तर ८-अ खातेदारानुसार मांडलेला असतो. ८-अ फाटल्यास नमुना ७ वरून पुन्हा उतरविता येतो. उलट ८-अ वरून इतर हक्क व बोजे कळत नाहीत.

वितरित डेटाबेसात नोंदींचे खंड पाडलेले असून बहुधा प्रत्येक खंडाची सूची स्वतंत्र असते. सूची बिघडल्यास, किंवा शब्द जुळविण्याचा नियम बदलल्यास (उदा., ‘मारुति’ व ‘मारुती’ एकच मानावयाचे ठरल्यास), ती पुन्हा रचावी लागते. जुनी सूची चालू ठेवून शेजारी नवी रचणे इष्ट. दरम्यानचे बदल क्रमाने टिपून नव्या सूचीत घालतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० खालील फेरफार नोंदवही हे याचे काहीसे जवळचे कागदी रूप. नंतर खंडवार नोंदसंख्या ताडून शोध नव्या सूचीकडे वळवितात.

एखादा खंड अपुरा राहिल्यास शोध अडतोच असे नाही; ‘नोंद आढळली नाही’ एवढेच निर्विकार उत्तर येते. खातेदाराच्या दृष्टीने सर्वांत घातक दोष हाच, कारण जमीन नावावर असूनही ती नसल्याचे भासते. काही प्रणाली किती खंडांनी प्रतिसाद दिला, हे उत्तरासोबत कळवितात. ती संख्या पाहिल्याविना नोंदीच्या अभावाचा दाखला देणे गैर ठरते.