शॉवरचें पाणी कोमट कां येतें?

थंडीच्या दिवसांत पहांटे उठून स्नानास जावें, नळाची चावी फिरवावी, आणि डोकीवर ऊन पाण्याऐवजीं कोमट पाण्याची धार यावी, ह्यासारखी निराशा दुसरी नाहीं. अंगावर घ्यावें तर कुडकुडणें चुकत नाहीं, आणि सोडून द्यावें तर शाळेची वेळ टळते. ज्यांच्या घरीं गॅसचा गीझर आहे त्यांस हा अनुभव कधीं ना कधीं आलेला असतोच. मग गीझर बिघडला असें ठरवून कारागिरास बोलाविलें जातें. तो कांहीं तरी उघडझांक करितो, पैसे घेऊन जातो, आणि आठ दिवसांनीं पुन्हां तेंच. वास्तविक ह्या रोगाचें निदान एक बादली, एक घड्याळ व एक थर्मामीटर एवढ्या साहित्यावर आपल्याच घरीं करितां येतें. थर्मामीटर मात्र प्रयोगशाळेंतला हवा. तापाचा थर्मामीटर ४२ अंशांच्या पुढें जात नाहीं, व ३५ च्या खालीं त्यास वाचा नाहीं.

पूर्वीं आपल्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे. त्याच्या मधल्या नळकांड्यांत गोंवऱ्या-लांकडें पेटत, भोंवतीं पाणी असे, आणि तें तापेपर्यंत आपण थांबत असूं. बंबाला घाई ठाऊक नव्हती. अर्धा तास जाळ लाविला तर पाणी कढत, पाव तास लाविला तर कोमट. गॅसच्या गीझरची रीत निराळी आहे. त्यांत पाण्याचा सांठा मुळींच नसतो. तांब्याच्या नळीचे वेढे व पातळ पत्रे ह्यांनीं बनलेल्या पेटीखालीं ज्वाळांच्या रांगा असतात. पाणी त्या नळींतून धांवतें, आणि धांवतां धांवतांच तापतें. तेव्हां तें किती तापेल हें दोन गोष्टींवर अवलंबून आहे: ज्वाळा दर मिनिटास किती उष्णता देतात, आणि त्याच मिनिटांत किती पाणी त्यांच्यावरून निघून जातें.

एक लिटर पाण्याचें उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडनें वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्याकडे घरगुती गीझर बहुधा ‘सहा लिटरचा’ म्हणून विकला जातो. त्यांत सहा लिटर पाणी मावतें असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. मिनिटास सहा लिटर पाणी जाऊं दिलें तर तें सुमारें २५ अंशांनीं तापेल, असा त्या आंकड्याचा अर्थ. म्हणजे मिनिटास ६ × २५ = १५० किलोकॅलरी. हा गीझरचा पगार समजा. ह्या पगारांत सहा लिटर पाणी २५ अंशांनीं तापवा, कीं बारा लिटर साडेबारा अंशांनीं तापवा. गुणाकार तोच राहणार. अंगास सुखावह वाटणारें पाणी ४० अंशांच्या आसपास असतें. गच्चीवरील टाकींतलें पाणी मे महिन्यांत ३० अंशांवर असलें, तर दहा अंशांची भर पुरते. तेंच जानेवारींतल्या पहांटे १६ अंशांवर उतरलें म्हणजे चोवीस अंशांची भर हवी. गीझर तोच, गॅस तोच; परंतु थंडीनें त्याचें काम जवळजवळ अडीचपट केलें!

गेल्या पौषांत चार दिवस पुण्यास माझ्या थोरल्या बंधूंच्या घरीं राहण्याचा योग आला. तेथें हीच तक्रार चालू होती. दोन वेळां कारागीर येऊन गेला होता, सिलिंडर बदलून झालें होतें, आणि आतां नवा गीझर घ्यावा असा बेत चालला होता. मीं बादली मागितली. पंधरा लिटरची बादली शॉवरखालीं ठेवून, थंड पाण्याची चावी पूर्ण बंद करून, घड्याळ लावून पाहिलें. ती १०० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटास नऊ लिटर. टाकींतल्या पाण्याचें उष्णतामान १६ अंश, शॉवरचें ३३. वाढ १७ अंशांची. नऊ सतरें त्रेपन्नासे. ज्या गीझरला सर्वांनीं नालायक ठरविलें होतें तो बिचारा मिनिटाला १५३ किलोकॅलरी, म्हणजे आपला पुरा पगार, इमानानें आणून देत होता! खर्च वाढला होता तो पाण्याच्या बाजूस. दिवाळीच्या सुमारास इमारतीच्या गच्चीवर दाब वाढविणारा पंप बसविला होता, आणि शॉवरची छिद्रांची तबकडीहि नवी, मोठ्या छिद्रांची लाविली होती. गीझरच्या अंगावर पाण्याची जी चावी असते ती मीं हळूहळू फिरविली. बादली भरण्यास १५० सेकंद लागूं लागले, आणि पाणी ४१ अंशांवर आलें. नव्या गीझरचा बेत तेथेंच राहिला.

परंतु ह्या मोजमापांत असतां माझी दृष्टि वर गेली. न्हाणीघराच्या झरोक्यांत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलेला होता.

“दादा, हा बोळा कोणी घातला?” मीं विचारलें.

“मींच,” दादा म्हणाले. “गार वारा येतो रे त्यांतून. पाणी निवतें.”

ह्या बोळ्याकडे आपण पुन्हां येऊं. कारण कोमट पाण्याच्या साऱ्या प्रकरणांत भिण्याजोगी वस्तु तीच आहे. तत्पूर्वीं निदानाचा उरलेला भाग सांगून टाकतों.

बादलीचा गुणाकार १५० च्या आसपास आला तर दोष गीझरचा नव्हे. पाणी कमी सोडावें. तो ९० किंवा १०० च आला, तर मात्र गॅसकडे वळावें. पुष्कळ गीझरांवर उन्हाळा व हिवाळा अशी एक कळ असते. उन्हाळ्याच्या खुणेवर ती राहिली असेल तर ज्वाळांच्या कांहीं रांगा पेटतच नाहींत. ही क्षुल्लक गोष्ट आधीं पाहावी, कारण तिच्यापायीं शहाण्या माणसांनीं गीझर खोललेले मला ठाऊक आहेत. त्याच सिलिंडरवर स्वयंपाकघरांत शेगडी पेटलेली असल्यास गॅस वांटला जातो. सिलिंडर संपत आलें असल्यासहि असेंच होतें. आंतील द्रवाची वाफ होतांना तो द्रव स्वतःच गार होत जातो, आणि जसजसा गार होईल तसतसा वाफेचा दाब घटतो. पहांटे सिलिंडरच्या खालच्या अंगास दंव धरतें तें ह्यामुळेंच. सहा लिटरच्या गीझरला मिनिटास सुमारें १६ ग्रॅम गॅस लागतो. संपत आलेल्या सिलिंडरास तेवढा पुरवठा जड जातो.

ज्या घरीं कूपनलिकेचें जड पाणी वापरतात तेथें आणखी एक कारण संभवतें. पाण्यांत विरघळलेला चुना तापतांच नळीच्या आंतल्या अंगास पुटासारखा बसतो. हें पूट उष्णतेस अडवितें; मग ज्वाळेची ऊब पाण्यांत न जातां वरच्या झडपेंतून वायां जाते. पाणी जातांना गीझर खदखदूं लागला व धारहि बारीक झाली, तर चुन्याचा संशय घ्यावा आणि कारागिराकडून नळी लिंबांतल्या आम्लानें, म्हणजे सायट्रिक आम्लानें, धुवून घ्यावी. गॅसच्या जोडांस विद्यार्थ्यांनीं हात लावूं नये.

कधीं कधीं गीझरमधून पाणी चांगलें कढत निघतें, पण शॉवरशीं कोमट होऊन पोंचतें. येथें चोर बहुधा ऊन व थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळांत दडलेला असतो. त्याच्या आंतील रबर झिजलें म्हणजे थंड पाणी गुपचूप ऊन पाण्याच्या नळींत शिरतें. तो पकडण्याची युक्ति सोपी आहे. गॅस बंद करावा, गीझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद करावा, आणि केवळ ऊन पाण्याची चावी उघडावी. नळींत राहिलेलें पाणी निघून गेल्यावर धार थांबली पाहिजे. न थांबल्यास तें पाणी कोठून येतें हें सांगण्याची गरज नाहीं.

ह्याच्या उलट, पाणी आधीं ऊन येऊन मग एकाएकीं थंडगार होतें, हें गाऱ्हाणें उन्हाळ्यांतलें. पाणी फार कढत वाटतें म्हणून आपण थंड नळ सोडतों. त्यामुळें गीझरमधून जाणारी धार मंदावते. धार ठराविक मर्यादेखालीं गेली कीं गॅसचा पडदा आपोआप मिटतो व ज्वाळा विझते. तशी रचना मुद्दाम केलेली असते, नाहीं तर पाण्यावांचून नळी जळून जाईल. अशा वेळीं थंड पाणी न मिसळतां गॅसची कळ कमी करावी. ठिणगी पाडणारे विजेचे सेल अशक्त झाले असतील तर ज्वाळा पेटतच नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. बऱ्याच गीझरांत वीस मिनिटांनीं गॅस बंद करणारें घड्याळ असतें. तें बिघाडासाठीं नसून जिवासाठीं ठेविलेलें आहे.

आतां त्या बोळ्याकडे येऊं. मिनिटास १६ ग्रॅम गॅस जळण्यास सुमारें २०० लिटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत साऱ्या मिळून सुमारें ५,४०० लिटर हवा मावते. दहा मिनिटांच्या स्नानांत गीझर २,००० लिटर हवेंतला प्राणवायु खाऊन टाकतो, म्हणजे खोलींतल्या हवेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग निकामी होतो. खिडकी उघडी असेल तर बाहेरची हवा येऊन तूट भरते. ती बंद असेल तर ज्वाळेस प्राणवायु अपुरा पडतो, निळी ज्वाळा पिंवळी होऊं लागते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. ह्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळें वास येत नाहीं तोंवर धोका नाहीं अशी आपली भलतीच समजूत झालेली असते. आपल्या रक्तांतील लाल द्रव्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो; मग फुप्फुसांत हवा जात असूनहि शरीर गुदमरतें. जे. एस. हाल्डेन ह्या शास्त्रज्ञानें ह्याचे प्रयोग स्वतःच्या देहावर करून १८९५ साली ते प्रसिद्ध केले, आणि इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत ह्या वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत पिंजऱ्यांतून कॅनरी पक्षी नेत असत. न्हाणीघरांत पक्षी नसतो. प्रथम डोकें दुखतें, मग घेरी व मळमळ येते, पाय लटपटतात. कित्येकांस दाराची कडी काढण्याचें बळहि उरत नाहीं.

गॅसचा पहिला गीझर लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉघन ह्यानें १८६८ त काढला, त्यास धूर बाहेर नेणारें धुराडें नव्हतें. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तोच दोष झरोक्यांत बोळा कोंबून आपण हातानें परत आणतों.

दादांच्या घरीं माझा पुतण्या महिनाभर स्नान करून आला कीं डोकें धरून निजून राही. अभ्यासाची टाळाटाळ म्हणून त्यास रोज बोलणीं बसत. मीं वरील हिशेब दादांस कागदावर मांडून दाखविला. ते कांहीं बोलले नाहींत. स्टुलावर चढून त्यांनीं बोळा ओढून काढला, आणि मुलास जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात ठेविला. त्याच दिवशीं त्यास डॉक्टरांकडे नेऊन सर्व हकीकत सांगितली. न्हाणीघरांत असतां असें कोणास झाल्यास प्रथम दार उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा, आणि बरें वाटलें तरी इस्पितळांत न्यावें. तेथें शुद्ध प्राणवायु देतात.

पुढील आठवड्यांत दादांनीं गीझर न्हाणीघरांतून काढून बाहेरच्या उघड्या गॅलरींत बसवून घेतला. नळी दहा मीटर लांब झाली. अर्धा इंची नळींत मीटरमागें सुमारें पावणेदोनशें मिलिलिटर पाणी राहतें, त्यामुळें पहिले पावणेदोन लिटर थंडच येतात. ते वहिनी लोट्यांत धरून तुळशीस घालतात.