पाणी अडविणारा कारागीर

ज्या वस्तूचा उल्लेख सभ्य मंडळींत शक्यतो टाळला जातो, तीच वस्तू निर्वेधपणे चालावी म्हणून ज्यांनी आपली बुद्धी वेचली, त्यांत जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. यॉर्कशायर परगण्यातील एका शेतकऱ्याचा हा मुलगा घोट्याच्या दुखापतीमुळे नांगराला मुकला, सुताराच्या हाताखाली उमेदवारी करून लंडनला आला, आणि तेथील हवेल्यांतून शौचकूप बसविता बसविता त्यांतील दोष त्याच्या नजरेस आले.

अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली पेटंट घेतलेल्या शौचकूपात नळी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकविलेली असे. त्या वाकणात पाणी तुंबून राही आणि खालील दुर्गंधीला घरात येण्याची वाट उरत नसे. ही युक्ती इतकी उपयुक्त की ती आजही वापरात आहे. परंतु भांड्याच्या तळाशी आडवी सरकणारी पट्टी होती, ती लंडनच्या थंडीत गोठे व अडून बसे. ब्रामाने १७७८ साली जी सनद मिळविली तीत या पट्टीच्या जागी बिजागरीवर खाली उघडणारी झडप होती. मूळ कल्पना अ‍ॅलन नामक गृहस्थाची, असे इतिहासकार नोंदवितात. सरकारदरबारी मात्र दाखल झाले ते ब्रामाचेच नाव.

पुढे १७८४ साली त्याने काढलेले कुलूप इतके गाजले की ते उघडून दाखविणाऱ्यास दोनशे गिनींचे इनाम लावलेले होते, आणि १८५१ पर्यंत ते कोणाच्या पदरी पडले नाही. तरीही माझ्या मते त्याची खरी विद्या कुलुपाची नव्हे, पाण्याची. १७९५ साली त्याने जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर दिलेला अल्प जोर बंदिस्त पाण्याच्या द्वारा मोठ्या दट्ट्यावर कैक पटींनी प्रकट होतो, हे तत्त्व पास्कलने केव्हाच सांगून ठेवले होते. अडचण होती ती दट्ट्याच्या कडेने निसटणाऱ्या पाण्याची. तीवर चामड्याच्या वाटीचा तोडगा काढला, असे मानतात, तो त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ली या तरुणाने: पाण्याचा दाब जसजसा वाढे तसतशी ती वाटी अधिकच घट्ट बसे. याच मॉडस्लीने आठवड्याच्या तीस शिलिंगांत वाढ मागितली तेव्हा ब्रामाने साफ नकार दिला आणि १७९७ साली तो नोकरी सोडून गेला. पाण्याची गळती थांबविणाऱ्या या धन्याला कारागिरांची गळती थांबविणे जमले नाही, असेच म्हणावे लागेल.

ब्रामा १८१४ साली निवर्तला. त्याच्या झडपेची शौचकूपे मात्र त्यानंतरही एकोणिसाव्या शतकात अनेक वर्षे तयार होत राहिली.