शाळेचा अहवाल पटला नाही तर?

अमेरिकेतली शाळा आणि आपलं मूल : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण मुलाच्या मूल्यमापनाच्या संमतीपत्रावरच्या सहीपर्यंत आलो होतो. सही झाली की शाळेवर मुदतीचं बंधन येतं. केंद्रीय कायद्यानुसार ६० दिवसांत मूल्यमापन पूर्ण व्हायला हवं. राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती लागू होते. टेक्सासात ती शाळेच्या कामकाजाचे ४५ दिवस अशी मोजतात. मुदत संपत आली की बैठकीचं बोलावणं येतं. शाळेचे मानसशास्त्रज्ञ जाडजूड अहवालाची पानं उलटत आकडे वाचतात, स्पीच थेरपिस्ट दोन वाक्यं जोडते, वर्गशिक्षिका ‘खूप गोड मूल आहे’ म्हणते आणि शेवटी निर्णय कळतो : मूल सरासरीत बसतं, विशेष शिक्षणाला पात्र नाही. आई-बाबा ‘थँक यू’ म्हणून बाहेर पडतात आणि पार्किंगमध्ये आल्यावर एकमेकांना विचारतात, मग रोज रात्री गृहपाठाला तीन तास का लागतात?

ही शंका खरी असू शकते. तिचं काय करायचं, हा आजचा विषय. शाळेच्या मूल्यमापनाशी आपण सहमत नसलो, तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून मूल्यमापन करून घेण्याचा आणि त्याचा खर्च शाळांचा कारभार पाहणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे मागण्याचा हक्क कायदा आपल्याला देतो. मात्र त्यातला क्रम सांभाळावा लागतो. आधी शाळेचं मूल्यमापन, मग लेखी असहमती, मग स्वतंत्र तज्ज्ञ. आपल्याकडचे बहुतेक पालक नेमकी ही उतरंड उलटी करतात : आधी स्वतःच्या खिशातून तज्ज्ञ गाठतात आणि मग शाळेशी बोलायला जातात.

हक्क आला कुठून

हा क्रम उलटा होण्यामागे आपली सवय आहे. मुंबईत मुलाला वाचन-लेखनाची अडचण असेल तर पालकच सायन किंवा नायरसारख्या महापालिका रुग्णालयात खेटे घालतात, अध्ययन-अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवतात आणि शाळेला नेऊन देतात. मग परीक्षेत सवलत मिळते. अमेरिकेत मूल शोधून काढण्याची आणि तपासण्याची जबाबदारीच सार्वजनिक शाळेची आहे. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने ती शाळांवर टाकली. त्या वेळी १० लाख दिव्यांग मुलं सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असं खुद्द काँग्रेसने कायद्यातच नोंदवलं होतं. त्याआधी पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डीसीतल्या पालकांनी कोर्टात जाऊन शाळांची दारं उघडून घेतली होती. पुढे १९९० मध्ये या कायद्याला ‘आयडिया’ हे आजचं नाव मिळालं.

कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. तपासणारी शाळा आणि सेवांचा खर्च सोसणारी शाळा एकच असेल, तर पालकांना दुसरं मत घेण्याची सोय हवी. म्हणून ‘इंडिपेंडंट एज्युकेशनल इव्हॅल्युएशन’, बोलीत ‘आयईई’. डिस्ट्रिक्टच्या नोकरीत नसलेल्या पात्र तज्ज्ञाने केलेलं मूल्यमापन. पालकांनी ते सार्वजनिक खर्चाने मागितलं की डिस्ट्रिक्टपुढे दोनच वाटा उरतात : विनाकारण विलंब न लावता खर्च उचलायचा, किंवा स्वतः ‘ड्यू प्रोसेस’ची तक्रार दाखल करून आपलं मूल्यमापन योग्य होतं हे सुनावणीत सिद्ध करायचं. नुसतं ‘नाही’ म्हणून विषय मिटवण्याची मुभा त्यांना नाही. हा हक्क व्हिसावरही अवलंबून नाही. एच-१बीवर असा, ग्रीनकार्डच्या रांगेत असा, मूल सार्वजनिक शाळेत असेल तर हक्क तोच.

अहवालात काय पाहायचं

असहमत व्हायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, पण अहवाल नीट वाचावा लागतो. त्याची प्रत विनामूल्य मिळते. न्यू जर्सीत तर ती पात्रतेच्या बैठकीच्या किमान दहा दिवस आधी मिळायला हवी.

चौथीतला एक मुलगा घ्या. बुद्धिमापनाची वेश्लर चाचणी झाली आणि एकूण गुणांक आला १०४. सरासरी १०० असते, म्हणजे सगळं ठीक. पण त्याच तक्त्यात खाली पाहिलं तर भाषिक आकलन १२१ आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग ७८. पहिल्या आकड्याचा अर्थ असा की समवयस्क शंभर मुलांत साधारण ९२ जण त्याच्या मागे आहेत. दुसऱ्याचा अर्थ, फक्त सात जण मागे आहेत. समजतं सगळं, पण कागदावर उतरवताना दमछाक होते, असं हे मूल. गृहपाठाचे तीन तास इथे दिसतात. १०४ या आकड्यात ते दडून जातात. एवढी तफावत असताना अहवालाचा निष्कर्ष केवळ एकूण गुणांकावर उभा असेल, तर असहमतीला भक्कम कारण आहे.

दुसरं, काय तपासलंच नाही ते पाहायचं. जिथे जिथे अडचणीची शंका आहे त्या प्रत्येक क्षेत्रात तपासणी व्हावी आणि कोणत्याही एकाच चाचणीवर निर्णय घेऊ नये, असं कायदा सांगतो. वाचनाची तक्रार होती, पण शब्दांतले ध्वनी वेगळे ओळखता येतात का याची चाचणीच घेतली नाही. वर्गात लक्ष लागत नाही असं शिक्षिकेनेच लिहिलं होतं, पण वर्गात जाऊन कुणी निरीक्षण केलं नाही. एखादं क्षेत्र वगळलं असेल तर त्या क्षेत्रासाठीही आयईई मागता येतं, हे केंद्रीय शिक्षण खात्याने २०१५ मध्ये एका पत्रातून स्पष्ट केलं आहे.

तिसरा मुद्दा खास आपला : घरची भाषा. मूल्यमापन मुलाच्या मातृभाषेत किंवा ज्या भाषेतून त्याची खरी क्षमता कळेल त्या भाषेत व्हायला हवं. केवळ इंग्रजी कच्चं आहे म्हणून मुलाला दिव्यांग ठरवता येत नाही. पण शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा एक फॉर्म भरून घेतात, आणि त्यावर आपले कितीतरी पालक बेधडक ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. का, तर मूल ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या, वर्गात जायला नको. मग पाच वर्षांचं जे मूल आजीशी दिवसभर मराठीत बोलतं, त्याचा शब्दसंग्रह फक्त इंग्रजीत मोजला जातो. उलटंही घडतं. मूल मराठीतही अडखळत असतं, दोन भाषांमुळे गोंधळलंय म्हणत सगळेच वाट बघतात आणि दोन वर्षं वाया जातात. फॉर्मवर खरं लिहावं. चुकून वेगळं लिहिलं गेलं असेल तर मूल्यमापनाआधी दुरुस्त करून घ्यावं.

पत्र : जेवढं छोटं तेवढं बरं

मागणी तोंडी करू नका. बैठकीत वाद घालू नका आणि विनवण्याही करू नका. स्पेशल एज्युकेशनच्या संचालकांना ईमेल पाठवा. इंग्रजीत लिहायचं, पण आशय एवढाच : ‘आमच्या मुलाचं डिस्ट्रिक्टने अमुक तारखेला पूर्ण केलेलं मूल्यमापन आम्हाला मान्य नाही. आम्ही सार्वजनिक खर्चाने स्वतंत्र शैक्षणिक मूल्यमापनाची मागणी करत आहोत. कृपया डिस्ट्रिक्टचे निकष आणि तज्ज्ञांची माहिती पाठवावी.’ कोणत्या प्रकारचं मूल्यमापन हवं ते जोडा : न्यूरोसायकॉलॉजिकल, स्पीच-लँग्वेज, ऑक्युपेशनल थेरपी. तारीख टाका, प्रत जपून ठेवा.

शाळेच्या एका मूल्यमापनामागे सार्वजनिक खर्चाचं एकच आयईई मिळतं. म्हणून मागणीआधी नेमकी अडचण कशात आहे याचा विचार घरी करून घ्या. उत्तर किती दिवसांत यावं हे केंद्रीय नियमात आकड्यात दिलेलं नाही. न्यू जर्सीने मात्र २० दिवसांची मुदत घातली आहे. कॅलिफोर्नियात एका डिस्ट्रिक्टने जवळपास तीन महिने विनाकारण लावले, तेव्हा केंद्रीय न्यायालयाने तो विलंब कायद्यात बसत नाही असं २००६ मध्ये ठरवलं.

शाळेने मूल्यमापन करायलाच नकार दिला असेल, तर हा मार्ग लागू नाही. तिथे नकाराची लेखी सूचना मागायची आणि तक्रारीचा रस्ता धरायचा. त्याबद्दल लेखांक ४ मध्ये आलेलं आहे.

शाळा काय काय म्हणते

उत्तरं ठरावीक साच्यातली येतात. ‘तुम्हाला का मान्य नाही ते सविस्तर लिहा.’ शाळा कारण विचारू शकते, पण ते देण्याची सक्ती करू शकत नाही किंवा त्यासाठी काम अडवून धरू शकत नाही. थोडक्यात सांगितलंत तर बिघडत नाही. नाही सांगितलंत तरी मागणी उभीच राहते.

‘यावर समितीची बैठक घेऊन ठरवू.’ बैठकीला जरूर जा. पण समितीने नाही म्हटल्याने डिस्ट्रिक्ट सुटत नाही. खर्च किंवा सुनावणी, या दोनच वाटा कायम राहतात.

‘आमच्या यादीतलाच तज्ज्ञ घ्या.’ यादी द्यायला हरकत नाही. पण डिस्ट्रिक्ट स्वतःच्या तज्ज्ञांसाठी पात्रतेचे जे निकष लावतं त्यांत बसणारा यादीबाहेरचा माणूसही तुम्ही निवडू शकता. खर्चाला वाजवी मर्यादा घालता येते. मुलाची गरजच वेगळी असेल तर त्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च का लागतो हे मांडण्याची संधी मात्र तुम्हाला द्यावी लागते.

‘आधी डॉक्टरांकडून एडीएचडीचं निदान आणा, मग बघू.’ पात्रता ठरवायला वैद्यकीय तपासणी लागते असं शाळेलाच वाटत असेल, तर तो खर्चही पालकांवर टाकता येत नाही.

आणि कधी कधी डिस्ट्रिक्ट खरोखर सुनावणीला जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मेरीलँडमधल्या शॅफर खटल्यात ठरवलं, की पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर असतो. सेवांबद्दलच्या भांडणात हा निकाल सहसा पालकांना जड जातो. पण आयईईच्या बाबतीत दाद मागायला डिस्ट्रिक्ट जातं, त्यामुळे सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्याच खांद्यावर. अहवाल योग्य ठरला तर आयईई करण्याचा हक्क उरतो, खर्च मात्र आपला. हा धोका आहेच. तरी सुनावणीचा वकिली खर्च आयईईच्या बिलापेक्षा सहज वर जाऊ शकतो, हा हिशेब डिस्ट्रिक्टलाही करावा लागतो.

आधी चेक फाडू नका

न्यूरोसायकॉलॉजिकल मूल्यमापनाला काही हजार डॉलर लागतात. आपल्या घरांत दोघंही कमावते असले की ‘पैशाचं काय, मुलाचं होऊ दे’ म्हणून चेक फाडला जातो. भावना समजते, पण ज्या खर्चासाठी लेखी असहमतीच नोंदवली नव्हती, तो मागाहून मिळवणं कठीण होऊन बसतं.

खटला जिंकून तज्ज्ञाची फी वसूल करू, या भरवशावरही राहू नका. न्यूयॉर्कमधल्या मर्फी दांपत्याने डिस्ट्रिक्टविरुद्धचा खटला जिंकला आणि आपल्या सल्लागाराच्या फीपोटी सुमारे २९ हजार डॉलर मागितले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जिंकलेल्या पालकांना वकिलाची फी मिळू शकते, तज्ज्ञाची नाही. म्हणजे तज्ज्ञाचा खर्च डिस्ट्रिक्टकडून मिळवण्याची सर्वांत सरळ वाट आयईईचीच, आणि तिची सुरुवात त्या तीन ओळींच्या पत्राने होते.

खासगी अहवाल आधीच केला असेल तर तो फुकट गेला असं समजू नका. पालकांनी स्वखर्चाने केलेला अहवालही, निकषांत बसत असेल तर, शाळेने निर्णयात विचारात घ्यायलाच हवा.

अहवाल आल्यावर

‘विचारात घेणं’ म्हणजे मान्य करणं नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. आयईईचा अहवाल आला म्हणून शाळा त्यातली प्रत्येक शिफारस स्वीकारायला बांधील नसते. म्हणून तज्ज्ञाला काम देतानाच तीन गोष्टी ठरवून घ्या. तो मुलाला वर्गात जाऊन पाहील. शिफारशी ‘अतिरिक्त मदत द्यावी’ अशा मोघम न ठेवता, कोणती मदत, आठवड्यातून किती मिनिटं, किती मुलांच्या गटात, अशा लिहील. आणि समितीच्या बैठकीत फोनवरून का होईना, स्वतः बोलेल. यातल्या कोणत्या कामाचे तास डिस्ट्रिक्टच्या मंजुरीत धरले आहेत, हेही आधीच लेखी विचारा.

चौथीतल्या त्या मुलाला परीक्षेत जादा वेळ, हाताने लिहिण्याऐवजी टायपिंग आणि अर्धाच गृहपाठ, एवढं मिळालं तरी त्याच्या संध्याकाळी सुटतील. ते ‘मिळावं’ या इच्छेपासून ‘मिळेल’ या बंधनापर्यंत कसं न्यायचं, म्हणजे आयईपीतलं (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्यातलं) प्रत्येक वाक्य मोजता येईल असं कसं लिहून घ्यायचं, ते पुढच्या आठवड्यात.