काउंटरवरचा अनुभव आणि त्यामागची यंत्रणा

काउंटरची रचना
बँकेच्या शाखेत ग्राहकाची गाठ एकाच कर्मचाऱ्याशी पडते. मोठ्या रकमेचा व्यवहार मात्र दोघांच्या हातून पूर्ण होतो. एक जण संगणकात नोंद करतो, ठरावीक मर्यादेपुढे दुसरा अधिकारी मंजुरी देतो. बँकेत याला ‘मेकर-चेकर’ म्हणतात. अफरातफर रोखायला ही पद्धत आवश्यकच आहे. पण अधिकारी केबिनमध्ये कर्जदाराशी बोलत असला, की कॅशियरला पुढ्यात नोटा असूनही देता येत नाहीत. रांगेतल्याला तो आळस वाटतो.

सहीचा प्रश्न
खटके उडतात ते बहुधा सहीवरून. स्लिपवरची सही बँकेतल्या नमुन्याशी ताडली जाते. तरुणपणची ठसठशीत सही आणि आजची थरथरती सही जुळत नाही, आणि ‘पुन्हा करा’ हे दोन शब्द पेन्शनरला अपमानासारखे लागतात. कर्मचाऱ्याची बाजूही खरी आहे; खोट्या सहीवर पैसे गेले तर चौकशी त्याचीच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत यावर तोड आहे. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो, आणि त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे शाखेने मनावर घेतले, तर बाहेरचा एकच साक्षीदार शोधायचा उरतो. अनेकदा अडते ते नियमापाशी नव्हे, नियम ठाऊक नसण्यापाशी.

वेळ आणि भाषा
ग्राहकसेवेवर १९७५ मध्ये तलवार समिती, १९९० मध्ये गोईपोरिया समिती नेमली गेली. कामकाजाची वेळ संपण्यापूर्वी आत आलेल्या प्रत्येकाचे काम व्हावे, हा दंडक जुनाच आहे. छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावेत, असाही निर्देश आहे. परराज्यातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याशी बोलताना मात्र अर्जावरची मराठी फारशी कामी येत नाही.

उद्दिष्टांचा दबाव
मुदतठेवीसाठी आलेल्याच्या हाती विम्याचे माहितीपत्रक पडते, कारण शाखेला विमाविक्रीचेही उद्दिष्ट असते. एका सेवेसाठी दुसरी गळ्यात मारणे नियमात बसत नाही. प्रत्यक्षात सक्ती आणि आग्रह यांतली रेषा पुसट असते.

पोच
तोंडी बोलणे विरते, कागद उरतो. काउंटरवर दिलेल्या धनादेशाची पोच शाखेला नाकारता येत नाही; धनादेश टाकायची पेटी ठेवली असली तरीही नाही. हयातीच्या दाखल्याचीही सहीनिशी पोच द्यावी लागते. नोव्हेंबरच्या गर्दीत ती मागणारा कटकट्या ठरतो, पण दाखला गहाळ होऊन पेन्शन थांबली की तोच कागद कामी येतो.

लोकपाल आणि मर्यादा
१२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. कर्ज नाकारण्यासारखे बँकेचे व्यावसायिक निर्णय मात्र या कक्षेबाहेर राहतात. उर्मट स्वराचीही अडचण आहे: त्याचा पुरावा सहसा उरत नाही.